दूरच्या पल्ल्याची मसलत

४२ किलोमीटरांच्या मॅरेथॉनवर समाधान न मानता जो दक्षिण आफ्रिकेतील दरबान आणि पीटरमॅरिट्झबर्ग यांमधील सुमारे ९० किलोमीटरांच्या ‘कॉम्रेड्स’ शर्यतीचा संकल्प करतो, त्याला सुरतेसारख्या सपाट, दमट आणि हिशेबी शहरात पहिला प्रश्न विचारला जातो तो फायद्याचा आणि दुसरा प्रकृतीचा. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. झेपेल तेवढेच अंगावर घ्यावे, हा वडीलधाऱ्यांचा उपदेशही रास्तच. परंतु आपल्याला काय झेपते याचा अंदाज बहुधा आपल्या सवयींनीच बांधलेला असतो.

मोठ्या ध्येयाचा खरा उपकार हा की, ते उतावळेपणाला जागाच ठेवत नाही. दहा किलोमीटर माणूस ईर्ष्येने रेटून नेतो. नव्वद रेटता येत नाहीत, आणि म्हणून ज्याने ते मनापासून पत्करले त्याला पहिल्या दिवसापासून हळू धावावे लागते, इतके हळू की सोबत्याशी धाप न लागता बोलता यावे. नाताळ प्रांतातील शेतकरी आर्थर न्यूटन चाळिशीच्या उंबरठ्यावर, सरकारशी चाललेल्या आपल्या जमिनीच्या तंट्याकडे लोकांचे लक्ष वेधावे या हेतूने, १९२२ साली या शर्यतीत उतरला. रोज दीर्घ अंतर आणि मंद गती हा शिरस्ता त्याने सोडला नाही, आणि ती शर्यत त्याने पाच वेळा जिंकली. तो उतरला त्याच्या आदल्या वर्षी झालेल्या पहिल्या शर्यतीत ३४ जणांपैकी केवळ १६ जण शेवटापर्यंत पोचले होते.

मोठी मजल कशी आखावी हे शिकण्यासाठी मात्र सुरतकराने आफ्रिकेला जाण्याचे कारण नाही. जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराजांचे घोडदळ सुरतेच्या बुऱ्हाणपूर दरवाजाबाहेर येऊन ठेपले तेव्हा शहराचा मोगल सुभेदार इनायतखान किल्ल्यात जाऊन बसला. महाराजांच्या त्या मसलतीचे सामर्थ्य गुप्ततेत होते. १९३० साली गांधीजींनी नेमके उलट केले. २ मार्चला व्हाइसरॉयला पत्र लिहून हेतू कळविला, १२ मार्चला साबरमतीहून प्रस्थान ठेवले, आणि साठीच्या वयात सुमारे २४० मैलांची वाट, सुरतेवरून जात, चालून ५ एप्रिलला दांडी गाठली. धावणाऱ्याने, मला वाटते, संकल्प महाराजांसारखा गुप्त ठेवावा आणि रोजची मजल दांडीयात्रेसारखी अगोदर ठरवून टाकावी. त्या यात्रेत सोमवार विश्रांतीचा असे. साऱ्या साम्राज्याची नजर ज्याच्या पावलांवर होती त्यानेही आठवड्यातील एक दिवस चालण्यातून वगळला. आणि आम्हा धावणाऱ्यांपैकी पुष्कळ जण नेमका तोच दिवस प्रथम खर्ची घालतात, पोटरी ठणकत असते, झोप उडालेली असते, सकाळची नाडी नेहमीपेक्षा जलद चालत असते, तरी वहीतला आकडा भरावा म्हणून बाहेर पडतात. शरीराची फिर्याद दाखलच करून न घेणे हा मोठ्या ध्येयाचा भाग नव्हे.

एप्रिल-मे महिन्यांत सुरतेच्या डुमस रस्त्यावर पहाटेसुद्धा हवा इतकी ओलसर असते की घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही की अंगातील उष्णता निघत नाही. परतेपर्यंत मोजे भिजून जड होतात, टोपीच्या कडेला मिठाची पांढरी रेघ उमटते, आणि नुसत्या पाण्याने भागत नाही. लिंबू, मीठ, गूळ यांची तरतूद बरोबर ठेवावी लागते. अशा हवेत महत्त्वाकांक्षी माणूस आपली गती आणखी उतरवतो.

कॉम्रेड्सची मुदत १२ तासांची आहे. सुरतेच्या उधना आणि लिंबायत या भागांत खानदेशातून आलेली आपली माणसे यंत्रमागाच्या १२ तासांच्या पाळीत, मागांच्या ओळींतून तुटलेला धागा हेरत, उभ्यानेच राबतात, आणि ती पाळी कोणी पराक्रम म्हणून नोंदवीत नाही. आमच्या तासांना पदक मिळते, कारण ते आम्ही स्वेच्छेने पत्करलेले असतात. पहाटे आम्ही बुटांचे बंद आवळीत असताना रात्रपाळी संपवून घरी परतणाऱ्या त्या तरुणाच्या पायांत दम आमच्याहून कमी नाही; कमी आहे ती झोप, आणि मजुरी मीटरवर असल्याने सुटीचा दिवस त्याला बुडीत रोज म्हणूनच मोजावा लागतो. आठवड्याची एक पगारी सुटी त्याला हक्काने मिळाली, तर तो कोणता पल्ला पत्करील, हे पाहण्याची मला फार इच्छा आहे.