दरबार मोडल्यावर दरबारी कोणाचा?

एखादी राजसत्ता अस्तंगत झाली की तिच्याबरोबर काय जावे आणि काय उरावे, हा प्रश्न सामान्यतः इतिहासाचा मानला जातो. वस्तुतः तो नीतीचाही प्रश्न आहे. तोफा, मनसबी, जहागिरी गेल्या याची खंत करण्याचे कारण नाही. त्या जावयासच हव्या होत्या. परंतु त्याच जहागिरींच्या उत्पन्नावर पोसलेले गाणे उघड्यावर येते तेव्हा त्याचा भार कोणी उचलावयाचा? गाणाऱ्याला अन्न देणारा राजा तर गेला. मग त्या गाण्याचे आपण, म्हणजे राजाला घालवून त्याच्या जागी बसलेले नागरिक, काही देणे लागतो की नाही?

दिल्लीत राहणाऱ्याला हा प्रश्न सहसा टाळता येत नाही, कारण या नगरीने अनेक दरबार मोडताना पाहिले. मुहम्मदशहाची दिल्ली नादिरशहाने १७३९ मध्ये लुटली आणि मयूरासन इराणात गेले. पण त्याच बादशहाच्या पदरी असलेल्या न्यामतखान ऊर्फ सदारंग याच्या नावाचे ख्याल आजही मिरज, पुणे, धारवाड येथे शिकविले जातात. जे तिजोरीत होते ते गेले आणि जे कंठात होते ते राहिले, असे म्हणणे सोपे आहे. मात्र कंठात राहिलेले पुढच्या कंठात कोणीतरी घालावे लागते. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर हालअपेष्टा सोशीत उत्तरेकडे गेले आणि वासुदेवबुवा जोशी यांच्याजवळ राहून त्यांनी ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणली. त्यांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी १९०१ मध्ये लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढले, आणि दरबारी विद्या शुल्क भरून शिकता येईल अशी केली. त्याच परंपरेतले विद्यालय दिल्लीत १९३९ मध्ये उभे राहिले. भातखंडे यांनी बडोद्यास १९१६ मध्ये सुरू केलेल्या संगीत परिषदांपैकी दुसरी १९१८ मध्ये दिल्लीतच भरली. राजे जाण्यापूर्वीच, राजांच्याच साह्याने, संगीताला राजांवाचून जगता यावे याची तजवीज या मंडळींनी आरंभिली होती.

राजे गेल्यावरची एक गोष्ट मात्र मला या साऱ्या इतिहासापेक्षा अधिक विचार करावयास लावते. ग्वाल्हेरच्या शिंदे दरबाराचे सरोदवादक उस्ताद हाफिज अली खाँ उत्तरायुष्यात दिल्लीत आले. १९६० मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. त्यांचे चिरंजीव अमजद अली खाँ सांगतात, की राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांनी खाँसाहेबांना आपल्यासाठी काय करता येईल, असे विचारले. खाँसाहेबांनी घर मागितले नाही की वर्षासन मागितले नाही. दरबारी कानड्याची शुद्धता राखली जावी, हल्ली लोक त्या रागाशी फार मोकळीक घेतात, त्याचे काही करावे, अशी त्यांनी विनंती केली.

ही गोष्ट ऐकून लोक हसतात. मलाही तीत विनोद दिसतो; प्रजासत्ताकाच्या प्रमुखाने कोमल गांधाराच्या आंदोलनाविषयी वटहुकूम काढावा, ही कल्पनाच तशी आहे. परंतु हसून झाल्यावर विचार करू लागलो, की विनोद खाँसाहेबांकडून आपल्याकडे सरकतो. त्यांची समजूत अशी, की जो देशाचा धनी तोच रागाचा राखणदार. दरबारात हे खरे होते, निदान खरे असावे अशी अपेक्षा होती. राजा पैसा देई, आणि चांगला राजा कानही देई. नव्या राज्यात पैसा, पदके, अकादमी ही सर्व आली. संगीत नाटक अकादमीचे उद्घाटन १९५३ च्या जानेवारीत झाले. आकाशवाणीवर संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम १९५२ मध्ये सुरू झाला, आणि नभोवाणी मंत्री बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांनी शास्त्रीय संगीताला जो आश्रय दिला तो एखाद्या संस्थानिकालाही साधला नसता. राज्याने देण्यासारखे बरेच दिले. खाँसाहेबांनी नेमके तेच मागितले जे राज्याला देता येत नाही.

येथे एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. दरबारी संगीत हे रयतेच्या साऱ्यावर वाढलेले. शेतकऱ्याच्या घामाचा पैसा मूठभरांच्या रात्री रंगविण्यात गेला. मग दरबारांबरोबर हे संगीतही गेले तर बिघडले काय? जतन करावयाचेच तर लोकांचे करावे. ओवी, भारूड, लावणी जतन करावी. या म्हणण्यात न्यायबुद्धी आहे. पण वेरूळचे कैलास लेणेही कोणा राजाच्या आज्ञेनेच खोदले गेले. आज आपण ते पाहतो तेव्हा राजाला वंदन करीत नाही. हातात छिन्नी धरणाऱ्याचे कौतुक करतो. गवईदेखील दरबारात चाकरच होता. धन्याच्या अन्यायाचा डाग चाकराच्या विद्येवर लावावयाचा आणि ती विद्या टाकून द्यावयाची, हा न्याय कोणता?

शिवाय लोकांचे आणि दरबाराचे अशी उभी भिंत आपण समजतो तेथे नाही. होनाजी बाळा, राम जोशी, सगनभाऊ यांना दुसऱ्या बाजीरावाच्या काळात आश्रय होता. त्यांची लावणी फडावरही गायिली गेली आणि वाड्यातही. आणि लोककला लोकांची म्हणून लोकांनी तिला जपले, असेही नाही. विठाबाई नारायणगावकर यांना राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान लाभला, तरी त्यांची अखेरची वर्षे आर्थिक ओढाताणीतच गेली. २००२ मध्ये त्या वारल्या. पुढे त्यांच्या नावाने राज्य शासनाने जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. दरबार असो वा फड, कलावंताची गाठ शेवटी ऐकणाऱ्याच्या नियतीशी पडते.

ही गोष्ट आपल्याच देशाची नव्हे. व्हिएतनाममधील हुए या राजधानीत ३० ऑगस्ट १९४५ रोजी शेवटचा सम्राट बाओ दाय याने राजत्याग केला. १८०२ पासून चाललेली न्गुएन घराण्याची सत्ता संपली आणि तिच्याबरोबर 'न्या न्याक' नावाच्या दरबारी संगीताचे प्रयोजनही संपले. या नावाचा अर्थ सुसंस्कृत संगीत असा आहे. राज्यारोहण, स्वर्गाची महापूजा, पूर्वजांचे स्मरण अशा प्रसंगी ते वाजे. वादक पांगले, पुढे तीस वर्षे युद्धाची गेली. अखेर २००३ मध्ये युनेस्कोने त्या संगीताला मानवजातीचा वारसा म्हणून मान दिला, आणि आज हुएच्या राजवाड्यात ते प्रवाशांपुढे वाजविले जाते. ज्या पूजेसाठी ते रचले त्या पूजेचा यजमान आता नाही. स्वर राहिले, प्रसंग गेला. हे थोडके नव्हे. पण हे पुरते आहे काय?

त्याच देशातील दुसरा प्रकार अधिक बोलका आहे. उत्तर व्हिएतनाममध्ये 'का त्रू' नावाचे गायन आहे. गाणारी स्त्री बांबूच्या पट्टीवर ताल धरते, एक वादक लांब दांडीचे तीन तारांचे वाद्य वाजवितो, आणि तिसरा असतो ढोलकेवाला. हा तिसरा गायकवृंदातला नव्हे, तो श्रोता असतो. गाणे आवडले तर तो ढोलक्याच्या ठोक्याने दाद देतो. कोठे ठोका द्यावा हे कळण्यासाठी त्याला काव्य आणि गायन दोन्ही जाणावे लागतात. 'त्रू' म्हणजे बांबूची पट्टी. दाद म्हणून अशा पट्ट्या गायिकेला मिळत आणि त्या मोजून तिला मागाहून पैसे दिले जात. रसिकता आणि मोबदला यांची अशी सरळ सांगड मला अन्यत्र आढळली नाही. ऐकणाऱ्याने स्वतःचे अज्ञान सर्वांसमक्ष उघडे पडण्याचा धोका पत्करावयाचा, आणि आवडल्याची किंमतही मोजावयाची.

पुढे हेच गायन हनोईतील गाण्याच्या कोठ्यांशी जोडले गेले, आणि १९४५ नंतरच्या नव्या, शुद्ध समाजाला ते लज्जास्पद वाटू लागले. कित्येक गायिकांनी आपण कधी गात होतो हेही लपविले. क्वाच थी हो यांच्यासारख्या थोड्यांनी ते कंठात धरून ठेवले म्हणून २००९ मध्ये तातडीने रक्षण करण्याच्या यादीत घालण्यापुरते तरी ते उरले होते.

हे वाचून त्या लोकांना नावे ठेवण्यापूर्वी आपण आपल्या घरात पाहावे. स्वातंत्र्य उंबरठ्यावर असताना, ज्यांचे खासगी जीवन लोकापवादाचा विषय झाले आहे अशा गायिकांना रेडिओवर गाऊ देऊ नये, असा आदेश दिल्लीतूनच निघाला. ठुमरी, दादरा, ख्यालातील कितीतरी चिजा पिढ्यान् पिढ्या ज्यांनी सांभाळल्या त्यांच्यापैकी अनेकींना दार बंद झाले. चीज आम्हांला हवी होती, ती देणारी नको होती. मध घ्यावा आणि माशीला विटाळ मानावा, असा हा प्रकार. राजांचे दोष आपण मोजतो. पण त्या राजांनी ऐकण्यापूर्वी गाणारीचे चारित्र्य तपासले नव्हते, हेही मोजावयास हवे. अर्थात त्यांनी ते केले नाही याचे कारण औदार्य नव्हते, बेपर्वाई होती. परंतु आपल्या नीतिमत्तेने जर त्या बेपर्वाईपेक्षा अधिक निष्ठुर फळ दिले, तर ती नीती कोठे चुकली हे पाहणे प्राप्त आहे.

माझ्या मते ती येथे चुकली. आपण संगीताला वस्तू समजलो आणि त्याच्या वाहकाला वेष्टन. वस्तू जपावयाची तर वेष्टन फेकता येते. गाणे तसे नसते. ते दुसऱ्याच्या जीवनातून उतरूनच आपल्याकडे येते. ज्याच्याकडून घेतले त्याचे ऋण त्यालाच फेडावयाचे असते. त्याच्या कलेला प्रदर्शनात जागा दिल्याने ते फिटत नाही.

दिल्लीकर मराठी माणसाने यावरून काय घ्यावे? येथे उत्तमोत्तम गाणे पुष्कळदा विनामूल्य ऐकावयास मिळते, कारण खर्च कोठल्या तरी अनुदानातून गेलेला असतो. त्यामुळे आपण निमंत्रित आहोत अशा थाटात जातो, मध्येच उठतो, आणि गणेशोत्सवात लावणी ठेवली तर ती दोन तासांत आटोपणारी, घरच्या मंडळींना न अवघडविणारी असावी एवढेच पाहतो. बिदागीची घासाघीस करताना आपल्या मनात येत नाही, की लोकशाहीत राजाचे अधिकार आपण वाटून घेतले तशी त्याची कर्तव्येही वाटून घ्यावयाची होती. प्रत्येकाच्या वाट्याला लहानसा हिस्सा येतो, म्हणून तो नाकारणे सोपे जाते. एकट्या राजाने नाकारले असते तर त्याचे नाव तरी बदनाम झाले असते. आपण सर्वांनी मिळून नाकारले तर कोणाचेच होत नाही.

खाँसाहेबांची मागणी मान्य करण्याचा अधिकार राष्ट्रपतींना नव्हता. तो ज्यांना होता ते सभागृहात बसणारे तुम्ही-आम्ही. दरबारीतला गांधार जागचा ढळला हे ज्याला ऐकू येते असा एक जरी श्रोता समोर असेल, तरी वाजविणारा सावध राहतो. असा श्रोता होण्यास वर्षे लागतात, पदरचे पैसे लागतात, आणि ज्याच्यापुढे बसावयाचे त्याच्या जातीची, धर्माची वा पूर्वायुष्याची चौकशी सोडून द्यावी लागते. अनुदान यांपैकी एकाचीही भरपाई करू शकत नाही.