बिनतिथीचे नाते

दिवाळीत नात्यांची वाटणी मोठी चोख असते. पाडवा नवऱ्याचा, भाऊबीज भावाची. बहिणीबहिणींना मात्र पंचांगाने एकही तिथी दिलेली नाही. हे मनात आले ते पुण्याच्या सुदर्शन रंगमंचावर अबोला धरलेल्या दोन बहिणींचे एक नाटक पाहताना. एवढेसे नाट्यगृह, नटीने आवंढा गिळला तरी पुढच्या रांगेला कळावे!

थोरलीने माहेरच्या वाड्याचे हक्कसोडपत्र भावाला लिहून दिले; धाकटीने सही नाकारली. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा वाटा मुलाइतकाच झाला आहे, तेव्हा कायदा धाकटीच्या बाजूचा. तरी तिचा राग भावावर नाहीच. तो आहे ताईवर, लहानपणी एका गोधडीत निजलेल्या ताईवर. भावाकडून तिने अपेक्षाच केली नव्हती.

आणि मला वाटते, तिचे खरे आहे. थोरलीने दिले ते स्वतःचेच. पण त्या सहीमुळे धाकटीचा हक्क चारचौघांत हावरेपणा ठरला. त्याग करणाऱ्याला हे दिसत नाही. शाळेत ‘त्याग’ या विषयावरचे निबंध मी ढिगाने तपासतो, पण एकाही वहीत हे वाक्य अजून सापडलेले नाही.

भावाशी बिनसले तर भाऊबीज निदान निमित्त पुरवते. बहिणीच्या दारी निमित्ताशिवायच उभे राहावे लागते. माझ्या मते आधी जावे ते थोरलीनेच. वडील म्हणून नव्हे. माहेर तिलाच उरले आहे म्हणून.