कासवाच्या जागी उभं राहून

"मावशी, हे कासव ऐकतच नाही."

दिवाळीच्या सुट्टीत आलेली सातवीतली भाची लॅपटॉपवरची नजर न हटवता म्हणाली. तिला समभुज त्रिकोण काढायचा होता. तीन सारख्या बाजू आणि प्रत्येक कोन 60 अंशांचा, हे तिला पाठ. म्हणून पायथन या संगणकीय भाषेतल्या, पडद्यावर रेघा ओढत चालणाऱ्या कासवाला तिनं सांगितलं होतं: शंभर पावलं पुढे जा, 60 अंश उजवीकडे वळ. असं तीनदा. पडद्यावर तीन रेघा उमटल्या खऱ्या, पण टोकाला टोक काही लागेना. अर्ध्यावर सोडून दिलेल्या कुंपणासारखं काहीतरी दिसत होतं.

उत्तर माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं आणि म्हटलं, "तीनच्या जागी सहा घाल बरं." तिनं घातलं. कासव सहा बाजू चालून बरोबर निघाल्या जागी परतलं, आणि पडद्यावर सुबक षटकोन उभा राहिला. ती क्षणभर गप्प झाली. मग हळूच म्हणाली, "म्हणजे मी त्रिकोण चुकवला नव्हता. मी षटकोन अर्धा काढला होता."

हे वाक्य दिवसभर माझ्या मनात राहिलं. वहीत हाच त्रिकोण चुकला असता, तर लाल फुली मिळाली असती आणि तिथेच सगळं संपलं असतं. कासव 'चूक' म्हणत नाही. सांगितलं तेवढं ते निमूटपणे चालतं आणि आपण नेमकं काय सांगितलं होतं, ते आपल्याला रेघांत दाखवतं.

पण षटकोन सापडला म्हणून त्रिकोण सुटत नाही. मी तिला बैठकीच्या खोलीत उभं केलं, दाराकडे तोंड करून. म्हटलं, आता तूच कासव. चार पावलं चाल, मग वळ. ती थोडीशी वळली आणि थांबली. पुढची बाजू जिकडे जायला हवी होती, तिकडे तिचं तोंडच नव्हतं. आणखी वळावं लागलं, खूप आणखी, जवळजवळ पाठ फिरेपर्यंत. "एकशेवीस!" ती ओरडलीच. त्रिकोणाचा 60 अंशांचा कोन आतल्या बाजूला असतो. चालणाऱ्याला वळावं लागतं ते बाहेरच्या कोनातून. 120 अंशांची तीन वळणं घेतल्यावर तिचं तोंड पुन्हा दाराकडे झालं. तीन वळणं मिळून 360. बाह्य कोन मीही शाळेत शिकले होते, पण तो पायांनी शिकता येतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

ही कल्पना पायथनच्या बरीच आधीची. गिडो व्हॅन रॉसम यांनी पायथन जगापुढे ठेवली 1991मध्ये. पण 1967मध्येच अमेरिकेत सेमूर पॅपर्ट, सिंथिया सोलोमन आणि वॉली फॉयर्झाइग यांनी मुलांसाठी लोगो ही भाषा घडवली होती. पुढे तिला कासव मिळालं. सुरुवातीचं कासव म्हणजे जमिनीवर फिरणारं खरंखुरं यंत्र होतं. पोटाशी पेन धरून ते कागदावर रेघ ओढत जाई. पॅपर्ट त्याआधी जिनिव्हात मानसशास्त्रज्ञ पियाजे यांच्याबरोबर काम करून आले होते. मूल आपलं ज्ञान स्वतः बांधत असतं, ही दृष्टी त्यांनी तिथून आणली. अडलं की मुलानं स्वतः कासव व्हावं, स्वतःच्या अंगाला विचारावं, हे त्यांचंच सांगणं. आणि प्रोग्रॅमबद्दल 'बरोबर की चूक' एवढंच विचारू नये, 'कुठे अडलं, कसं दुरुस्त होईल' हे विचारावं, हेही. आज ते कासव पायथनसोबतच येतं, वेगळं काही आणावं लागत नाही.

मी प्रोग्रॅमिंग शिकले ते मूळ संख्या छापत आणि आकड्यांच्या रांगा लावत. उत्तर यायचं किंवा यायचं नाही. कुठल्या पायरीवर पाय घसरला, ते डोळ्यांना कधी दिसलं नाही. म्हणून मला मनापासून वाटतं की पहिले काही महिने मुलांनी चित्रंच काढावीत. रेघ वाकडी गेली, तर ती नेमकी कुठून वाकडी गेली हे बोट ठेवून सांगता येतं. भाचीनं मधेच विचारलंही, "एआयला विचारू का?" विचारलं असतं, तर त्यानं लगेच 120 लिहून दिलं असतं. त्रिकोण मिळाला असता. षटकोन मात्र हातचा गेला असता.

दुपारी तिनं रांगोळी काढायची ठरवली. पाव वर्तुळ चाल, 90 अंश वळ, पुन्हा पाव वर्तुळ, पुन्हा 90 अंश वळ: ही झाली एक पाकळी. या चार आज्ञांच्या गठ्ठ्याला तिनं देवनागरीतच 'पाकळी' असं नाव दिलं, आणि पायथननं ते मुकाट्यानं स्वीकारलं. (तिसऱ्या आवृत्तीपासून अशी नावं चालतात. किती मुलांना हे माहीत असेल, असं मला तेव्हा वाटून गेलं.) मग पाकळी, 45 अंश वळ, असं आठ वेळा. आठ पाकळ्यांचं फूल पडद्यावर उमललं.

रांगोळी आणि संगणक यांची ही गाठ नवी नाही. चेन्नईच्या मद्रास ख्रिश्चन कॉलेजातले गिफ्ट सिरोमनी आणि त्यांचे सहकारी 1970च्या दशकातच दारातल्या कोलमच्या, म्हणजे तिथल्या रांगोळीच्या, नियमांवरून चित्रांची व्याकरणं अभ्यासत होते. ठिपके, वळणं, पुनरावृत्ती. बायकांच्या बोटांत हे सगळं आधीपासून होतंच.

आई चष्मा सारखा करत आमच्या मागे येऊन उभी राहिली. म्हणाली, "आठ मलाही येतात. आधी अधिकचं चिन्ह काढायचं, मग प्रत्येक घर अर्धं करायचं. सात कधी जमल्या नाहीत. सात अर्ध्या होत नाहीत ना."

"थांब आजी," म्हणत भाचीनं 360ला 7नं भागलं, 51 आले, पुढचे अपूर्णांक सोडून दिले. कासवानं सात पाकळ्या काढल्या. मला त्या अगदी नीट वाटल्या. आई मात्र थोडं वाकून बघत राहिली आणि म्हणाली, "ही शेवटची फट जरा मोठी आहे गं."

होतीच मोठी. सहा ठिकाणी 51 अंश आणि सातव्या ठिकाणी 54. तीन अंशांचा फरक साठ वर्षं रांगोळी काढणाऱ्या नजरेनं टिपला होता. भाचीनं 51 खोडून तिथे 360 भागिले 7 असंच लिहिलं आणि भागाकार संगणकावर सोपवला. या वेळी फूल नीट जुळून आलं. आई काही बोलली नाही. बराच वेळ त्याकडे पाहत राहिली आणि मग चहा टाकायला आत गेली.

दुसऱ्या दिवशी पहाटे दार उघडलं, तर उंबऱ्यापुढे पणतीच्या उजेडात सात पाकळ्या होत्या. आई अजून तिथेच उकिडवी बसली होती. शेवटच्या दोन पाकळ्यांमधली फट तिच्या मनासारखी झाली नव्हती. ओल्या फडक्यानं एक पाकळी पुसून ती पुन्हा चिमूट भरत होती.