चौकटीवरची किल्ली

आमच्या गावी घराला कुलूप लावलं की किल्ली चौकटीवर ठेवायची रीत होती. सगळ्या आळीला ती जागा ठाऊक, म्हणूनच तर सोय. दोन वर्षांपूर्वी घरी राउटर बसवायला आलेला मुलगा जाताना म्हणाला, "काका, नाव-पासवर्ड ॲडमिन-ॲडमिनच ठेवलंय, विसरायला नको." तीच चौकट, तीच किल्ली. आळी तेवढी जगभर पसरलेली.

2016 साली 'मिराई' नावाचा प्रोग्राम या आळीत फिरला. त्याच्यापाशी विद्या अशी फारशी नव्हती. कारखान्यातून येणाऱ्या नाव-पासवर्डच्या साठेक जोड्यांची यादी, बस्स. ती घेऊन तो कॅमेऱ्यांची आणि राउटरांची दारं एकेक करून ढकलून बघायचा. जी उघडली ती यंत्रं त्याने चाकरीला लावली. त्या वर्षी 21 ऑक्टोबरला अशाच यंत्रांनी एका कंपनीच्या सर्व्हरांवर एकदम गर्दी केली आणि तिच्यावर विसंबलेल्या ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट अमेरिकेत तासन्‌तास अडखळल्या. कॅमेऱ्यांच्या मालकांना पत्ताही नव्हता. त्यांचे कॅमेरे चालूच होते ना!

पुढे कायदे आले. कॅलिफोर्नियात 1 जानेवारी 2020 पासून आणि ब्रिटनमध्ये 29 एप्रिल 2024 पासून सगळ्या नगांना एकच सोपा पासवर्ड घालून विकणं बंद झालं.

मला मात्र जास्त बोलकी वाटते ती रास्पबेरी पायची गोष्ट. हा पत्त्याच्या पानाएवढा संगणक, मुलांनी शिकावं म्हणून केंब्रिजला जन्मलेला. त्यात वापरकर्त्याचं नाव 'पाय' आणि पासवर्ड 'रास्पबेरी', हे पहिल्या पाठातच शिकवलं जाई. वर या 'पाय'ला मालकाचे सगळे अधिकार. यंत्रात काहीही उलथापालथ करायची तर पुन्हा पासवर्डही कोणी विचारत नसे. एप्रिल 2022 मध्ये हा 'पाय' काढून टाकला. आता पहिल्यांदा सुरू करताना यंत्र तुम्हालाच नाव आणि पासवर्ड ठरवायला सांगतं.

पासवर्ड बदलायचा हे समजलं, पण नाव कशाला, असं मला तेव्हा वाटलं होतं. वर्गात असे वीस संगणक मांडणाऱ्या शिक्षकाला ही कटकटच, आणि 'पाय' गृहीत धरून लिहिलेल्या जुन्या सूचना अडल्या त्या वेगळ्याच. पण नाव माहीत असलं की चोराचं निम्मं काम झालेलं असतं. उरतो तो फक्त पासवर्ड, आणि तो ओळखायला यंत्र रात्रभर थकत नाही.

परवा मी आमचा राउटर उपडा केला. खालच्या चिठ्ठीवर पत्ता, नाव, पासवर्ड, सगळं छापलेलं. बदलायला दहा मिनिटं लागली. तुमचाही आज एकदा उलटा करून बघा.