किळस, करुणा आणि अकरावी

आरोग्यसेवेत जाऊ पाहणाऱ्या मुलांना करुणा शिकवता येते, की ती मुळातच असावी लागते? आज हा प्रश्न अभ्यासक्रमाचा वाटतो. पूर्वी तो शुचितेचाही होता. रोग्याची सेवा म्हणजे रक्त, पू, मलमूत्र यांना हात लावणे. तैत्तिरीय संहितेत देवांचे वैद्य अश्विनीकुमार यज्ञाचे तुटलेले शिर जोडून देतात, तरी माणसांत वावरणारे वैद्य म्हणून देव त्यांना अशुद्धच ठरवतात. मनुस्मृती वैद्याला श्राद्धाच्या पंक्तीतून वगळते. काम हवे, पण करणारा दूर बसावा, अशी ही वृत्ती. डॉक्टरला मान आणि आयाबाईला हुकूम, या विभागणीत ती अजून शिल्लक आहे.

बौद्ध विनयपिटकातील महावग्गाने वेगळे उत्तर दिले. अतिसाराने आजारी असलेला एक भिक्खू स्वतःच्याच मलमूत्रात पडलेला असतो. सोबती त्याच्याकडे फिरकत नाहीत. बुद्ध शिष्य आनंदाला पाणी आणायला सांगतात. स्वतः पाणी ओततात, आनंद त्याला धुतो. मग एकाने डोक्याकडून, दुसऱ्याने पायांकडून धरून ते त्याला मंचकावर निजवतात. पुढे चांगल्या शुश्रूषकाची पाच लक्षणे येतात: औषध तयार करता येणे, पथ्यापथ्य कळणे, लाभासाठी नव्हे तर मैत्रभावाने सेवा करणे, मलमूत्र, थुंकी, वांती उचलताना किळस न करणे आणि रोग्याला धम्माचे चार धीराचे शब्द सांगता येणे. औषध करण्याचे कसब आणि किळस जिंकणे एकाच यादीत आहेत, हे महत्त्वाचे. किळस जाते ती उपदेशाने नव्हे, सवयीने.

सुश्रुताने हाताच्या सवयीसाठी ‘योग्या’ सांगितली: छेद घेण्याचा सराव कोहळा, काकडी यांवर, पट्टी बांधण्याचा कापडी बाहुल्यावर. चरकाने मनाचीही घडी बसवली. आर्तांविषयी मैत्री व कारुण्य, बरे होण्याजोग्याविषयी आस्था आणि मरणपंथाला लागलेल्याविषयी उपेक्षा, म्हणजे तटस्थता. ही चौथी वृत्ती कठोर वाटते खरी. पण ती नसलेला सोळा-सतरा वर्षांचा मुलगा पहिल्याच मृत्यूने कोलमडेल.

आजची तयारी याच्या जवळपासही जात नाही. वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेत 720 गुणांपैकी 360 जीवशास्त्राचे, उरलेले भौतिक व रसायनशास्त्राचे. रोग्याजवळ बसता येते का, याला एकही नाही. एवढ्या मोठ्या परीक्षेत ते मोजणे अवघड, हे मान्य. पण जे मोजता येत नाही ते शिकवूच नये, असे कुठे आहे? नववी ते बारावीच्या व्यवसाय शिक्षणात ‘आरोग्यसेवा’ हा विषय आहे. त्यात हात धुणे, रोग्याचा बिछाना बदलणे, नाडी मोजणे, अंग पुसणे हे प्रत्यक्ष करावे लागते. ‘हुशार’ मुले मात्र त्याकडे वळत नाहीत. वैद्यकीय प्रवेशाची किमान वयोमर्यादा 17 वर्षे आहे. त्याआधी निदान एक सत्र विज्ञान शाखेच्या प्रत्येक इच्छुकाने हा बिछाना बदलायला शिकावे.