फ्रेममधून काय पुसायचं?

गेल्या वर्षभरात मी एकट्याने मावळातले चाळीसेक विजेचे टॉवर पाडले असतील. शिवाय एक्स्प्रेसवेचा एक तुकडा, लोहगडाच्या पायथ्याच्या पत्र्याच्या टपऱ्या, गच्च्यांवरच्या काळ्या-पिवळ्या पाण्याच्या टाक्या, आणि एकदा एक अख्खी म्हैस. म्हशीचा काही दोष नव्हता. आधीच्या शॉटमध्ये ती नव्हती, एवढंच. हे सगळं कामशेतच्या माझ्या खोलीत, एका सेकंडहँड ग्राफिक्स कार्डाच्या जिवावर. शॉर्ट फिल्म करणारी मुलं याला 'क्लीन-अप' म्हणतात. शब्द ऐकायला निरागस आहे, साफसफाईला कोण नाही म्हणेल? पण साफ करायचं तर आधी कशाला तरी घाण म्हणावं लागतं.

काम असं असतं. कॅमेरा कसा हलला ते कॉम्प्युटरकडून मोजून घ्यायचं. टॉवरच्या शेजारचं आभाळ, डोंगराची कड उचलून एक ठिगळ बनवायचं आणि ते टॉवरवर असं चिकटवायचं की कॅमेऱ्याबरोबर ते हलेल. टॉवरपुढे गवत डोलत असेल तर संपलंच, एकेक पातं कापून परत वर ठेवावं लागतं. सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे पाच सेकंदांच्या शॉटला १२० वेळा. पूर्वी हे मोठ्या स्टुडिओंनाच परवडायचं. आता ब्लेंडर फुकट मिळतं. लाटव्हियातल्या एका छोट्या टीमने त्याच ब्लेंडरवर 'फ्लो' नावाची मांजराची गोष्ट केली आणि २०२५ साली तिला ऑस्कर मिळालं. थोडक्यात, करता येतं का हा प्रश्न आता उरलेला नाही. करावं का, हा आहे.

यावर दोन तयार उत्तरं मिळतात. एक, सिनेमा मुळातच खोटा, मग टॉवर पुसला तर काय बिघडलं? दुसरं, जे कॅमेऱ्यासमोर नव्हतं ते दाखवणं म्हणजे फसवणूक. पहिलं उत्तर देणारे बहुतेक डायरेक्टर असतात, दुसरं देणारे बहुतेक काहीच बनवत नाहीत. मला दोन्ही पटत नाहीत. का, ते सांगण्यासाठी लोणावळ्यातच राहून गेलेल्या एका माणसाकडे जावं लागेल.

दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळण्याआधी छपाईच्या धंद्यात होते, हे शाळेत एका ओळीत शिकवतात. ती ओळ घडली आपल्या गावात. राजा रविवर्म्याचा छापखाना मुंबईहून मळवलीला आला होता, आणि १९०६ साली सरकारी नोकरी सोडून फाळक्यांनी लोणावळ्यात 'फाळके एन्ग्रेव्हिंग अँड प्रिंटिंग वर्क्स' काढलं. मुख्य काम रविवर्मा प्रेससाठी फोटो-लिथोचं. तुमच्या आजीच्या देव्हाऱ्यात असलेली लक्ष्मी किंवा सरस्वती अशाच छपाईतून घरोघर गेली. त्या छपाईची गंमत अशी, की एका चित्राला अनेक दगड लागतात. प्रत्येक रंगाचा दगड वेगळा. साडीचा लाल एका दगडावर, कमळाचा गुलाबी दुसऱ्यावर. सगळे नेमके एकावर एक बसले तरच देवी दिसते, केसभर सरकले तर तिला चार ओठ येतात. मी रोज जे करतो ते हेच. आम्ही दगडाला लेयर म्हणतो, बाकी फरक नाही.

फाळके जादूचे प्रयोगही करायचे, आडनाव उलटं करून 'प्रोफेसर केळफा' या नावाने. छपाई आणि जादू, दोन्ही हात त्यांच्याकडे होते. १९१२ साली लंडनहून कॅमेरा आणल्यावर पैसे लावणारं कुणी मिळेना, तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, त्याच्या वाढीचे एकेक फ्रेम करून चित्रण केलं आणि 'अंकुराची वाढ' नावाची छोटीशी फिल्म केली. कित्येक दिवसांची वाढ मिनिटभरात. ती बघून पैसे देणाऱ्याला भरवसा वाटला. आता सांगा, हे खरं की खोटं? प्रत्येक फ्रेम खरी आहे, अंकुर त्या वेळी तेवढाच होता. वेग मात्र साफ खोटा. तरी ही फिल्म फसवत नाही, कारण वाटाणा एका मिनिटात उगवत नाही हे बघणाऱ्याला ठाऊक आहे, आणि त्याला ठाऊक आहे हे फाळक्यांना ठाऊक आहे. मग १९१५मध्ये 'आगकाड्यांची मौज', काड्यापेटीतल्या काड्या आपोआप हलतात अशी. ती आज उपलब्ध नाही. आपल्याकडच्या ॲनिमेशनची सुरुवात तिथून मोजतात. काडी कुठेच माणूस असल्याचा आव आणत नाही.

मला सगळ्यात जास्त आवडतो तो १९१९चा 'कालिया मर्दन'. त्यात कृष्ण झालीय फाळक्यांची लहान मुलगी, मंदाकिनी. सिनेमा सुरू होतो तेव्हा ती कृष्ण नसतेच. आधी पडद्यावर नुसता तिचा चेहरा येतो, हसरा, रडवेला, रागावलेला. ही माझी पोर, बघा कशी अभिनय करते. मग त्याच पोरीचा कृष्ण होतो आणि ती नागाशी झुंजते. म्हणजे जादूगाराने आधी बाह्या वर करून हात रिकामे दाखवले. आणि म्हणून जादू कमी झाली का? 'लंकादहन'मध्ये राम पडद्यावर आला की लोक हात जोडायचे म्हणतात. त्या सिनेमात राम आणि सीता दोन्ही कामं अण्णा साळुंके नावाच्या एकाच माणसाने केली होती. युक्ती कळली की श्रद्धा तुटते, ही समजूत शहाण्यांची आहे, प्रेक्षकांची नाही.

इंद्रायणीच्या काठाने खाली गेलं की देहू. तिथल्या गोष्टीवर प्रभातने १९३६ साली 'संत तुकाराम' केला. त्यात बुडवलेली गाथा परत येते, शेवटी गरुड येतो आणि तुकोबा वैकुंठाला जातात. मी तो गरुड लॅपटॉपवर थांबवून थांबवून पाहिलाय, धंद्याची खोड. जोड दिसते. माझ्या आजोबांना ती दिसली नसेल असं मला वाटत नाही. ते पुरावा बघायला गेलेच नव्हते. वैकुंठगमन झालं की नाही हे त्यांनी थिएटरात जायच्या आधीच ठरवलेलं होतं.

म्हणून माझं मत असं झालंय, की इफेक्ट कृत्रिम असल्याने खोटा होत नाही. प्रेक्षक जेव्हा दृश्याला साक्षीदार मानून बसलेला असतो आणि आपण गुपचूप साक्ष बदलतो, तेव्हा तो खोटा होतो. कोर्टात नट उभा केला तर गुन्हा, नाटकात वकील उभा केला तर नाही.

हे लिहायला सोपं आहे. प्रत्यक्षात लोहगडाचा शॉट घ्या. शिवकाळातली गोष्ट, मावळा गड चढतोय, मागे टॉवर. पुसला. कुणाची फसवणूक नाही. गेल्या वर्षी, २०२५मध्ये, लोहगड जागतिक वारसा यादीत गेला, तेव्हापासून असे शॉट वाढलेत. पण मग डायरेक्टर म्हणतो, खालची घरंही काढ. शेताचे बांध काढ. फक्त हिरवं ठेव. तिथे माझा हात अडतो. शिवकाळात इथे घरं नव्हती? शेतं नव्हती? मावळ रिकामा असता तर मावळे कुठून आले असते? डोंगर, धुकं आणि एकही माणूस नाही, हे चित्र सतराव्या शतकातलं नाहीच. ते सेकंड होमच्या जाहिरातीतलं आहे. टॉवर काढल्याने काळ बरोबर होतो, घरं काढल्याने जमीन मोकळी होते, आणि मोकळी जमीन म्हणजे काय होतं हे मावळात कुणाला सांगायला नको.

तसं बघितलं तर तो टॉवरही साधा नाही. खोपोलीचं वीजकेंद्र सुरू झालं १९१५मध्ये, आगकाड्या नाचल्या त्याच वर्षी. लोणावळा, वळवण, शिरोटा इथल्या तलावांचं पाणी घाट उतरून खाली जातं आणि मुंबईला वीज मिळते. आजच्या गोष्टीत मी टॉवर पुसत नाही. 'लुक' बिघडतो म्हणाले, तरी नाही. दोन कामं त्यापायी गेली, तिसऱ्याने ऐकलं.

आता एक वेगळीच गोष्ट. ३० जून २०२४ला भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. कुणीतरी काढलेला व्हिडिओ त्या संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या फोनवर होता. माझ्याही. तो पाहताना माझी नजर आधी कुठे गेली सांगू? माणसांच्या कडांवर. पाणी आणि कपडे जिथे मिळतात तिथे रेष थरथरते का, पाण्याचा तुषार माणसाच्या पुढे आहे की मागे. क्षणभरच. रोज ठिगळं लावणाऱ्याचे डोळे आपोआप शिवण शोधतात. पण ही सवय आता फक्त माझ्यासारख्यांची राहिलेली नाही. पुराचा, अपघाताचा, लाठीमाराचा कुठलाही व्हिडिओ आला की कुणीतरी म्हणतंच, एआय असेल. आणि म्हणणारा मूर्ख नसतो, त्याला आधी खरोखर फसवलेलं असतं. म्हणजे मी एका शॉर्ट फिल्ममध्ये साक्ष बदलली तर त्याची किंमत माझ्या प्रेक्षकाने नाही, पुढच्या वेळी खरं बोलणाऱ्याने मोजायची. आपलं पोर वाहून गेलं हे सांगताना त्याला आधी सिद्ध करावं लागणार की पाणी खरं होतं. हे मला फार वाईट वाटतं. टॉवर, गरुड, रंगांचे दगड यांच्यापुढचं आहे हे.

त्यामुळे पवनेच्या फिल्मवरून मित्राशी वाजलं. पवना धरणात गावं गेली त्याला पन्नासहून जास्त वर्षं झाली. पाणी पिंपरी-चिंचवडला जातं. काठावर तंबू लावून शहरातले लोक तारे बघतात, आणि धरणग्रस्तांपैकी अनेकजण अजून जमिनीसाठी खेटे घालतायत. उन्हाळ्यात पाणी उतरलं की वाघेश्वराचं देऊळ वर येतं. मित्राची फिल्म विस्थापितांच्या मुलाखतींवर होती, खरी माणसं, खरे आवाज. शूटिंग नोव्हेंबरमध्ये, धरण तुडुंब. त्याला शेवटी देऊळ पाण्यातून वर येताना हवं होतं. "मे महिन्यात येतंच ना वर," तो म्हणाला. "आपण फक्त सहा महिने आधी आणतोय. तुझा तो फाळक्यांचा वाटाणासुद्धा तेच करतो."

युक्तिवाद चांगला होता, मला रात्रभर पुरला. फरक असा, की वाटाण्याचा वेग खोटा आहे हे दिसतं. नोव्हेंबरचं ऊन आणि मेचं पाणी एकत्र केलेलं दिसत नाही, दिसू नये म्हणूनच तर मला पैसे मिळतात. शिवाय त्या फिल्ममधल्या बाया सांगत होत्या की आमचं म्हणणं कुणी खरं मानत नाही. त्यांच्या शेजारी मी बनावट पाणी कसं ठेवू? कथापट असता तर मी एका आठवड्यात देऊळ वर आणून दिलं असतं, वर शेवाळही.

मी त्याला दोन पर्याय दिले. मेपर्यंत थांब, नाहीतर उघडउघड खोटं कर. फेस्टिव्हलची तारीख फेब्रुवारीतली होती, तो थांबणार नव्हता. मग आम्ही गाव पुठ्ठ्याचं केलं. जुन्या वह्यांची कव्हरं, आगपेट्या, कौलांसाठी कापलेला खोका, आणि पाण्यासाठी निळं प्लास्टिक, जे आपण पावसाळ्यात खिडकीला बांधतो ते. टेबलावर फोन बांधून एकेक फ्रेम घेत गेलो. प्लास्टिक बोटभर मागे ओढायचं, फोटो, पुन्हा बोटभर. काही फ्रेममध्ये माझ्या अंगठ्याची सावली पडली. ती मी पुसली नाही.

मुलाखत दिलेल्या एका मावशींना तो तुकडा आधी दाखवायचा असं ठरलं होतं. त्यांनी फोन हातात घेतला, लांब धरला, मग जवळ. हसल्या नाहीत, रडल्याही नाहीत. दुसऱ्यांदा लावायला सांगितला. पाणी मागे सरकलं, घरं एकेक करून दिसू लागली, तशी त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवलं आणि व्हिडिओ थांबला.

"हे आमचं घर का?"

"तसं समजून केलंय, मावशी."

"मग दार इकडं कसं? दार नदीच्या अंगाला होतं. आणि ओटा एवढा बारका नव्हता, जात्यावर दोघी बसायचो तिथं." मग त्या शेजारच्या घराकडे वळल्या, त्याच्या मागच्या गोठ्याकडे, देवळाकडे जाणाऱ्या वाटेकडे. मित्र वही शोधायला लागला. आम्हाला सगळं गाव उलगडून पुन्हा चिकटवायला नऊ दिवस लागले.