पेजर, रेडिओ आणि भूतदया

नव्वदच्या दशकात मी पुण्यात एका पेजर कंपनीत ऑपरेटर होतो. लोक फोनवर निरोप सांगायचे, मी तो टाइप करायचो आणि कुणाच्या तरी कमरेवरच्या डबीत तो उमटायचा : 'लगेच घरी या.' निरोप खरा की खोटा, मला कळायला मार्ग नसे. ज्याला मिळे तो मात्र निघे. पेजरवरून उलट विचारायची सोयच नव्हती.

'ग्रँड थेफ्ट ऑटो ३' (२००१) हा व्हिडिओ गेम खेळताना त्यातला पेजर वाजला, की अजून माझा हात थबकतो. लिबर्टी सिटी या शहरातला त्याचा नायक क्लॉड पूर्ण खेळात अवाक्षर काढत नाही. निरोप आला, की गाडी वळवायची. आपण पेजरकडे दुर्लक्ष करून शहरभर भटकू शकतो, पण मग गोष्ट तिथेच राहते. शब्दावर विश्वास ठेवणं ही खेळाची पहिली अट.

शब्द कधी प्रमाण मानावा, यावर आपल्याकडे शतकानुशतकं भांडण झालं आहे. चार्वाक प्रत्यक्षाखेरीज काही मानत नाहीत. मीमांसक म्हणतात, खोटं ठरेपर्यंत ज्ञान खरं धरा. नैयायिकांना पडताळा हवा : पाणी आहे म्हणालात तिथे जाऊन तहान भागली, तर ज्ञान खरं. खेळाडू मीमांसक म्हणून सुरुवात करतो आणि तासाभरात नैयायिक होतो. सांगितलं तिथे दार होतं, तिथेच शस्त्रही होतं. म्हणजे सांगणारा भरवशाचा.

'बायोशॉक' (२००७) नेमका इथेच गाठतो. साल १९६०, समुद्राच्या तळाशी रॅप्चर नावाचं शहर. रेडिओवरून अ‍ॅटलस नावाचा कुणी नायकाला वाट दाखवतो, तीही फार अदबीनं, आर्जवी विनंती करत. पाणबुडीत अडकलेल्या बायकामुलाची त्याची कहाणी बनावट. पण वाटा आणि धोके तो बहुतेक बरोबरच सांगतो. पुढे कळतं, की हा फ्रँक फॉन्टेन नावाचा गुंड आहे आणि ती आर्जवी विनंती म्हणजे नायकाच्या मनात आधीच बसवलेली कळ. ती दाबली, की नकार देताच येत नाही.

पडताळ्यानं माहिती तपासली गेली, माणूस तपासला गेला नाही. नैयायिकांच्याच परंपरेतल्या वात्स्यायनाच्या न्यायभाष्यात याची जाण दिसते. आप्ताचं, म्हणजे ज्याच्या शब्दावर विसंबावं अशा माणसाचं, प्रामाण्य तो तीन गोष्टींवर उभं करतो : विषय स्वतः जाणलेला असणं, भूतदया आणि आहे तसं सांगण्याची इच्छा. प्रमाणशास्त्रात दयेचं काय काम? काम आहे, कारण कोणतं सत्य सांगायचं, कोणतं दडवायचं, हे सांगणाराच ठरवतो. अ‍ॅटलसजवळ ज्ञान होतं. दया नव्हती.

पण न्यायपरंपरेचाच दुसरा युक्तिवाद मला पटत नाही. मंत्र आणि आयुर्वेद यांचा गुण येतो, त्याप्रमाणे वेदही प्रमाण, असं ती म्हणते. ही अ‍ॅटलसच्या श्रोत्याचीच उडी झाली. दिसणाऱ्या गोष्टीत बरोबर निघाला, म्हणून न दिसणाऱ्या गोष्टीतही बरोबर. एखाद्या बाबाच्या अंगाऱ्यानं ताप उतरला, की मोक्षाचा रस्ताही त्यालाच विचारणारी माणसं माझ्या घरात आहेत.

'फायरवॉच' (२०१६) मध्ये वायोमिंगच्या जंगलात नायक हेन्रीच्या वॉकीटॉकीवर डिलायला बोलते. ती गोष्टी लपवते, प्रसंगी थापाही मारते. आप्ताच्या कसोटीवर ती नापास आहे. पण हेन्रीला तिच्याशी हुज्जत घालता येते, गप्पही बसता येतं. क्लॉड मुका आहे आणि अ‍ॅटलसशी वाद घालायची सोय खेळात ठेवलेलीच नाही. प्रश्न विचारलेला चालतो, एवढ्यानं दया सिद्ध होत नाही, हे मान्य. गोड उत्तरं ठगालाही येतात. पण जिथे प्रश्नालाच जागा नाही, तिथे दया आहे की नाही हे पाहायचा मार्गच उरत नाही. अशा ठिकाणी गुण आला तर आनंद मानावा, आज्ञा मात्र घेऊ नये.